मर्यादवेलीच्या मागची जागा

कोकणच्या किनाऱ्यावर, भरतीचे पाणी जेथे थांबते त्याच्या जरा वर, वाळूत एक वेल पसरलेली दिसते. पाने जाड, दुभंगलेली, फुले जांभळट. तिला मर्यादवेल म्हणतात. समुद्राची मर्यादा येथवर, असे तिचे नावच सांगते. तिच्या पेरापेराला मुळे फुटतात आणि वाऱ्याने उडणारी वाळू ती धरून ठेवते. तिच्या मागे केवडा, निगडी, उंडी अशी झाडे आपापल्या क्रमाने उभी राहतात. एखाद्या वादळात समोरची वाळू वाहून गेली तर वेलीचा पुढचा भाग जातो. परंतु मागे मोकळी वाळू असेल, तर ती तेथून पुन्हा पसरते. म्हणजे समुद्राची मर्यादा ही दगडावर कोरलेली रेघ नाही. ती सरकते, आणि सरकण्यासाठी तिला जागा लागते.

समुद्राची पातळी वाढत असताना किनाऱ्यावरील प्राणी, पक्षी आणि वनस्पती यांचा अधिवास वाचवायचा असेल, तर त्यांच्या आजच्या जागेभोवती कुंपण घालून भागणार नाही. त्या जागेच्या मागची जमीनही मोकळी ठेवावी लागेल. मात्र ती मोकळी ठेवण्याचा भार, ज्यांच्याजवळ मुळात सर्वांत कमी जमीन आहे, त्यांच्या माथी मारला जाऊ नये. या दोन्ही गोष्टी एकत्र मांडण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत.

विद्यालयाच्या स्मरणिकेत हा विषय कशासाठी, असे काही वाचकांस वाटेल. त्याचे उत्तर सरळ आहे. येथे शिकून गेलेले कित्येकजण आज मुंबई, ठाणे, नवी मुंबईत खाडीच्या काठाने वसलेल्या वस्त्यांत राहतात. कित्येकांचे गाव, वाडी, वडिलोपार्जित घर कोकणात आहे. ग्रामपंचायतीत, शाळेत, कचेरीत, बांधकाम व्यवसायात निर्णय घेणाऱ्या खुर्च्यांवर आता आपली माणसे बसू लागली आहेत. किनाऱ्याचा प्रश्न तज्ज्ञांवर सोपवून मोकळे होण्याचे दिवस म्हणूनच सरले आहेत.

किनारा पूर्वीही हलत होता, हे आपल्या इतिहासातच नोंदलेले आहे. सोपारा हे प्राचीन काळचे नामांकित बंदर. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा तेथे मिळाला आणि १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. आज नालासोपाऱ्यात उतरून स्तूप पाहायला गेलेल्या माणसाला जवळपास समुद्र दिसत नाही. खाडी गाळाने भरत गेली, बंदर निकामी झाले आणि किनारा काही किलोमीटर दूर राहिला. तेथे समुद्र मागे हटला, आता तो पुढे येत आहे; दिशा उलटी असली तरी बोध एकच. किनारा कायम एका जागी राहील असे गृहीत धरून जो आखणी करतो, त्याची आखणी चुकते.

तरी पूर्वीच्या आणि आजच्या बदलात मोठा फरक आहे. हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरशासकीय मंडळाच्या सहाव्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. वाढीचा वेगही चढता आहे. २००६ ते २०१८ या काळात तो वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. कोळसा, तेल, वायू यांच्या ज्वलनाने पृथ्वी तापते, तापलेले पाणी प्रसरण पावते आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी समुद्राला मिळते. उत्सर्जन फार वेगाने कमी केले, तरी या शतकाच्या अखेरीस १९९५ ते २०१४ च्या सरासरीच्या तुलनेत पातळी अदमासे २८ ते ५५ सेंटिमीटरने वाढलेली असेल आणि उत्सर्जन अनिर्बंध वाढू दिले तर ६३ सेंटिमीटर ते एक मीटरपर्यंत, असा त्या अहवालाचा अंदाज आहे.

अर्धा मीटर म्हणजे गुडघाभर पाणी; त्यात एवढे काय, असे वाटू शकते. परंतु किनारा भिंतीसारखा उभा नसतो, तो उतरता असतो. समजा, एखाद्या खाडीकाठी दोनशे मीटर आत गेल्यावर जमीन एक मीटरने चढते. तेथे पाणी अर्धा मीटर वाढले, तर भरतीची रेषा शंभर मीटर आत येईल. त्या शंभर मीटरांत आज काय आहे, यावर तेथील जीवसृष्टीचे भवितव्य ठरणार आहे. मोकळी जमीन असेल तर खारफुटी आणि वाळू तिकडे सरकतील. रस्ता, संरक्षक भिंत, भराव किंवा बंगल्याचे आवार असेल तर पुढून समुद्र आणि मागून भिंत, अशा कैचीत सापडून ती नाहीशी होतील.

मागे जागा नसली म्हणजे काय होते, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस टोरेस सामुद्रधुनीत घडले आहे. ब्रॅम्बल के नावाच्या अगदी चिमुकल्या, सखल बेटावर मेलोमिस नावाचा उंदरासारखा एक प्राणी राहत असे. तो जगात अन्यत्र कोठेही नव्हता. समुद्राचे पाणी वारंवार बेटावर चढले, त्याची वनस्पती नष्ट झाली. २००९ नंतर तो कोणाला दिसला नाही आणि २०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने तो नामशेष झाल्याचे जाहीर केले. त्या प्राण्याला सरकण्यासाठी मागे जमीनच नव्हती. आपल्याकडे जमीन आहे. ती शिल्लक ठेवायची की नाही, हे मात्र आपण ठरवायचे आहे.

आपल्या किनाऱ्यावरील तीन अधिवासांचा येथे विचार करू. पहिला वाळूच्या पुळणीचा. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले. तोवर अंडी चोरीला जात, कुत्रे-कोल्हे उकरून खात. आज कोकणात अनेक गावांत हे काम चालते आणि पिले समुद्रात जाताना पाहण्यासाठी लांबून माणसे येतात. हे यश गावकऱ्यांचे आहे आणि ते मोठे आहे. परंतु मादी अंडी घालते ती भरतीच्या रेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत. सुमारे दीड-दोन महिने ती अंडी तेथे उबतात. खारे पाणी मुरले तर आतली पिले गुदमरतात. वाळू फार तापली तर पिलांत माद्यांचेच प्रमाण वाढते, कारण कासवाचे पिलू नर होणार की मादी हे घरट्याच्या उबेवर ठरते. गावकरी अंडी उचलून सुरक्षित जागी ठेवतात खरे. पण त्यासाठीही भरतीच्या वर पुरेशी रुंद पुळण शिल्लक हवी. समुद्र पुढे आला आणि मागे दगडी बंधारा असला, तर उद्या कासवांसाठी धावून येणारी माणसे असतील, पण घरटे करायला वाळू नसेल.

दुसरा अधिवास कांदळवनाचा. तिवर, कांदळ, चिप्पी ही झाडे भरती-ओहोटीच्या मधल्या चिखलात वाढतात. त्यांची मुळे चिखलातून वर येऊन श्वास घेतात. ती फार काळ पाण्याखाली राहिली तर झाड मरते. परंतु हीच मुळे गाळ अडवतात आणि स्वतःच्या पायाखालची जमीन हळूहळू उंच करतात. म्हणजे कांदळवन समुद्रासोबत वर चढू शकते. मात्र त्याला मर्यादा आहे. पातळी वर्षाला सहा-सात मिलिमीटरपेक्षा अधिक वेगाने वाढू लागली तर गाळ साचण्याचा वेग कमी पडतो, असे संशोधकांना पुराव्यानिशी दिसून आले आहे. त्यानंतर झाडांना एकच मार्ग उरतो, तो म्हणजे मागे, उंच जमिनीकडे रुजणे. भारतीय वनस्थितीच्या २०२१ च्या अहवालात महाराष्ट्रात ३२४ चौरस किलोमीटर कांदळवन नोंदले आहे. कोळंबी, बोय, जिताडा, चिंबोऱ्या यांची पिले त्याच्या मुळांच्या आसऱ्याने वाढतात. खाडीतली मासेमारी आणि चिखलातून तिसऱ्या, कालवे गोळा करणाऱ्या बायांची रोजची कमाई त्याच्याशी बांधलेली आहे.

तिसरा अधिवास दलदलीच्या सपाटीचा. ठाणे खाडीत दर हिवाळ्यात रोहित पक्षी मोठ्या संख्येने येतात. २०१५ मध्ये तेथे अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. पण रोहित आणि तुतवारांसारखे पक्षी ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात चरतात. भरती आली की तो चिखल बुडतो आणि त्यांना विसाव्यासाठी उथळ पाण्याच्या दुसऱ्या जागा शोधाव्या लागतात. त्या जागा नवी मुंबई आणि उरण परिसरातील पाणथळींत आहेत, अभयारण्याच्या सीमेबाहेर. समुद्र जसजसा वाढेल तसतसा चिखल उघडा राहण्याचा काळ घटेल आणि या बाहेरच्या पाणथळींची गरज वाढेल. त्या भराव घालून बुजवल्या, तर अभयारण्याची पाटी जागेवर राहील. पक्षी राहणार नाहीत.

कायदे नाहीत असे नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवन तोडण्यास मनाई केली आणि त्याच्या भोवती ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकामास प्रतिबंध केला. २०१८ च्या अंतिम निकालाने हे संरक्षण अधिक बळकट झाले. २०१२ मध्ये राज्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. या सर्व गोष्टींचे आम्ही मनापासून स्वागत करतो. परंतु किनारा नियमन क्षेत्राची सारी मोजदाद आजच्या भरतीच्या रेषेपासून होते. त्यातही २०१९ च्या अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागातील बांधकाममुक्त पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. समुद्राची भावी वाढ आणि धूप लक्षात घेऊन धोक्याची रेषा आखली गेली आहे, पण ती आपत्ती व्यवस्थापनाचे साधन म्हणून. बांधकामास परवानगी द्यावी की नाही, हे तिच्यावरून ठरत नाही. समुद्र पुढे येत आहे हे शासनाच्या नकाशाला ठाऊक आहे आणि शासनाच्या परवान्याला ठाऊक नाही. हा विरोध दूर व्हावा, ही आमची पहिली मागणी आहे. परवानगी देताना धोक्याची रेषा प्रमाण मानली जावी.

दुसरा प्रश्न धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांचा. गावाची घरे समुद्रात जात असताना बंधारा मागणाऱ्या ग्रामस्थाला निसर्गाचे धडे देणे क्रूरपणाचे ठरेल. जेथे वस्ती आहे, जेथे मच्छीमारांच्या होड्या लागतात, तेथे संरक्षण द्यावेच लागेल. परंतु भिंतीवर आदळून परतणारी लाट पायथ्याची वाळू ओढून नेते आणि जेथे भिंत संपते तेथे पुष्कळदा धूप वाढते. म्हणून एका वाडीसाठी बांधलेला बंधारा शेजारच्या वाडीची पुळण खाऊ शकतो. निर्मनुष्य पुळणींवर, केवळ मागचा रस्ता किंवा रिसॉर्टचे कुंपण वाचावे म्हणून बंधारे घालण्यास आमचा विरोध आहे. तेथे मर्यादवेल, केवडा, निगडी यांची स्थानिक झाडोऱ्याची पट्टी राखणे हे अधिक शहाणपणाचे. कासवांच्या पुळणीवर थेट भरतीच्या रेषेपर्यंत सुरूची दाट लागवड करणे हाही उपाय नव्हे. त्याने घरट्यांची वाळू व्यापली जाते.

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे वळू. मागची जमीन मोकळी ठेवायची, ती कोणाची? खाडीकाठी ती बहुधा खारजमीन असते. आपल्या पूर्वजांनी चिखलाचे बांध घालून, उघाड्या बसवून, खारे पाणी अडवून ती भातासाठी कमावली. बांधाला खांड पडली आणि ती वेळीच बुजवली नाही की शेत खारावते. तसे झालेल्या कित्येक जमिनींवर आज कांदळवन उगवले आहे. निसर्गप्रेमी त्यास अधिवास म्हणतो, कायदा त्यास वन म्हणतो आणि सातबारा हाती धरलेला शेतकरी त्यास आपले बुडालेले शेत म्हणतो. तिघेही आपापल्या जागी खरे आहेत. पण आजवर किंमत मोजली ती एकट्या शेतकऱ्याने.

या भूमीचा इतिहास आपल्याला नवा नाही. अलिबागच्या खारेपाटातील चरी येथे १९३३ पासून सुमारे सहा वर्षे शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप केला. खोतांच्या जमिनी कसण्यास नकार दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कुळांना जी जमीन एवढ्या झगड्यानंतर मिळाली, ती निसर्गरक्षणाच्या नावाने त्यांच्याकडून फुकट जावी, हे कोणत्याही न्यायात बसत नाही. आणि ज्यांच्या नावे सातबाराच नाही, जे खाडीवर आणि दुसऱ्याच्या शेतावर राबून जगतात, त्यांचा तर भरपाईच्या यादीत उल्लेखही नसतो. कोकणातील पुष्कळ गावांत आपल्या वाड्या गावाच्या टोकाला आहेत, हे वाचकांना सांगायला नको. पाणी जेथे प्रथम येईल अशा सखल जागी ज्यांची घरे आहेत, त्यांना सर्वांत आधी विचारले पाहिजे.

म्हणून आमची दुसरी मागणी अशी : जी खारजमीन बांध दुरुस्त करून वाचवता येते आणि जेथे शेतकऱ्याला शेती करायची आहे, तेथे बांध वेळेवर दुरुस्त व्हावेत. जी जमीन समुद्राने कायमची घेतली आहे आणि जिथे कांदळवन रुजले आहे, ती शासनाने योग्य मोबदला देऊन घ्यावी, किंवा मालकी शेतकऱ्याकडेच ठेवून ती राखल्याबद्दल त्याला दरवर्षी रक्कम द्यावी. खेकडेपालन, कालवेपालन यांसारख्या उपजीविकेच्या योजनांत भूमिहीन कुटुंबे आणि महिला बचत गट यांना प्रथम स्थान असावे. हे स्वप्नरंजन नव्हे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर मेडमेरी येथे जुना किनारी बांध दरवर्षी दुरुस्त करणे परवडेनासे झाले, तेव्हा आतल्या बाजूस सुमारे सात किलोमीटरचा नवा बांध घातला आणि २०१३ मध्ये जुना बांध हेतुपुरस्सर फोडला. मधल्या जमिनीवर खारी दलदल तयार झाली, पक्षी आले आणि मागची घरे पूर्वीपेक्षा सुरक्षित झाली. आपली परिस्थिती वेगळी आहे, लोकवस्ती दाट आहे. तेथील आराखडा येथे जसाच्या तसा चालणार नाही. परंतु माणसांचे रक्षण आणि जीवसृष्टीला जागा, ही दोन्ही कामे एकाच आखणीत बसू शकतात, एवढे त्यावरून सिद्ध होते.

शासनाकडे मागण्या करून आपले काम संपत नाही. किनाऱ्यावरच्या गावांत राहणाऱ्या वाचकांना आमची विनंती आहे की, ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लक्ष द्यावे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने तिची तरतूद केली आहे आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे काम आहे. पुष्कळ ठिकाणी ही वही कपाटात पडून असते. आपल्या गावाची पुळण कोठवर आहे, कांदळवन कोठे आहे, भरतीचे पाणी गेल्या वीस वर्षांत किती आत आले, पक्षी कोठे उतरतात, बाया तिसऱ्या कोठे काढतात, हे त्या वहीत नकाशासह नोंदवून घ्यावे. जे कागदावर नसते ते भरावाखाली गेल्यावर सिद्ध करता येत नाही. ग्रामसभेत किनाऱ्यावरील बांधकामाचा विषय आला तर गैरहजर राहू नये.

शहरात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांना आणखी एक सांगणे आहे. समुद्रकाठी एखादा प्लॉट घ्यावा, लहानसे घर बांधावे, ही इच्छा स्वाभाविक आहे आणि कष्टाच्या पैशाने ती पुरी करण्यात वावगे काही नाही. मात्र प्लॉट पाहताना त्याच्या पुढे काय आहे तेवढेच पाहू नका. तो मर्यादवेलीच्या कितपत जवळ आहे, तेथे पूर्वी पाणथळ किंवा खारफुटी होती काय, याची चौकशी करा. आज स्वस्तात मिळणारी भरावाची जमीन उद्या समुद्र परत मागेल आणि मधल्या काळात तिने कोणाचा तरी निवारा हिरावलेला असेल. आपले बांधव बांधकामाची कंत्राटे घेतात, नकाशे मंजूर करतात, मालमत्तेचे दस्त करतात. त्या प्रत्येक टेबलावर हा विचार पोहोचावा.

पालकांनी आणि शिक्षकांनी मुलांना किनाऱ्यावर जरूर न्यावे. कासवाची पिले समुद्राकडे धावताना पाहून मुले हरखतात. त्याच वेळी त्यांना मागे वळून वाळूच्या पट्टीकडे, केवड्याच्या बनाकडे, त्याच्याही मागच्या शेताकडे पाहायला सांगावे. आज समुद्रात जाणारी मादी पिले जगली वाचली, तर वयात आल्यावर अंडी घालण्यासाठी याच परिसरात परत येतील. तेव्हा ही मुले कर्ती झालेली असतील आणि भरतीची रेषा आजच्या जागी नसेल. ती नवी रेषा आज ज्या जमिनीवर पडणार आहे, त्या जमिनीचा फेरफार, परवाना आणि मोबदला यांचा निर्णय याच काही वर्षांत होत आहे. तो होत असताना आपण तेथे उपस्थित असावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.